फ्रान्सची बातमी

मनकर्णा रुसून माहेरी, रोहण्याला जाऊन बसली होती. इकडे आर्वीत पेपर वाचता वाचता गुरुजी म्हणाले, “राजीनामा देऊन बारा वर्षं खेड्यात बसलेल्या जनरल द गॉलला फ्रान्सनं राज्य चालवायला परत बोलावलं!” ते ऐकून तिच्या नवऱ्याने, नत्थूने, तडक बैलगाडी जुंपली.

सासऱ्याच्या ओट्यापाशी उभ्यानेच त्याने बायकोला ती बातमी सांगितली. “अख्खा देश बलावाले गेला, मंग मले कायची लाज? चाल घरी.”

“तो असाच आला का परत? काई अट नाई घातली?”

“घातली ना! सारा कारभार माह्या हाती द्या, तवाच येतो म्हने.”

मनकर्णा खुदकन हसली. गाठोडं गाडीत टाकून ती पुढे, गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या जागी जाऊन बसली.

“आना मंग तो कासरा इकडे.”