टीव्हीतलं वावर

बातम्या सांगणारी बाई बोलता बोलता गायब झाली आणि टीव्हीवर वावर उमटलं.

"अवो, हे तं आपलं वावर!" वच्छला हातातलं सूप ठेवून उठली. "पोट्ट्यानं खरंच करून दाखवलं."

भगवंतरावांनी चष्मा पुसला. कुलदीप, त्यांचा एकुलता एक, बरेच दिवस या खटाटोपात होता. त्याने वावरातल्या निंबाला कॅमेरा बांधला होता. टीव्हीच्या मागे काडेपेटीएवढी डबी खोचली होती आणि शेजारच्या गुलफामच्या मोबाइल दुकानातल्या वायफायशी तिची सोयरीक जुळवली होती. "आता घरबसल्या वावर पाहा," असं तो बापाला सांगत होता. ज्या गावात फोन चारदा लावावा तेव्हा एकदा लागतो, तिथे वावर कुठून घरी येतं, असं भगवंतरावांचं म्हणणं होतं.

चित्र राखाडी होतं. हरभरा, निंबाखाली बाज आणि बाजेवर डोक्यापर्यंत गोधडी ओढून झोपलेला माणूस. गोधडी वच्छलाने स्वतः शिवलेली होती, ठिगळांवरून ओळखू आली.

"झोपला बी? दिवेलागण तं आता होऊन राहिली."

"रातभर डुकरं हाकलते तो. जागल काय सोपी हाय? लवंडला असंन."

"अन् तिथं इतका अंधार कावून?"

"कॅमेऱ्यात असंच दिसते," भगवंतराव म्हणाले. आयुष्यात त्यांनी कॅमेरा हातात धरला नव्हता, पण बायकोसमोर माघार घेणं त्यांच्या पत्रिकेत नव्हतं.

रानडुकरांनी यंदा उच्छाद मांडला होता. बांधाकडची अख्खी पट्टी उकरून ठेवली होती. कुलदीप रोज रात्री जागलीला जायचा. आज तर दुपारीच निघून गेला होता, जेवणाकडेही त्याचं धड लक्ष नव्हतं.

पडद्यावर पीक हललं.

"आलं डुक्कर," भगवंतराव पुढे सरकले.

ते डुक्कर नव्हतं. अंग लांबलचक होतं आणि मागे शेपूट जमिनीला टेकत होतं. सावकाश, स्वतःच्या घरात फिरावं तसं ते बाजेकडे आलं. त्याने मान वळवली तेव्हा दोन डोळे पांढरे चमकले.

"बिबट," भगवंतराव पुटपुटले.

"कुलदीप! ऊठ रे राजा, ऊठ!" वच्छला टीव्हीला तोंड लावून ओरडली. गोधडीखालचा माणूस फक्त कुशीवर वळला. तिने फोन लावला. नंबर बंद होता. पुन्हा लावला. बंदच.

भगवंतरावांनी दारामागची कुऱ्हाड उचलली.

"एकटे नका जाऊ वो!"

"मंग काय बसून पाहू?" त्यांनी मोटारसायकलला लाथ घातली. "फाटकाकडून फेरा पडते. बांधावरून कुंपणाच्या तारेतूनच घुसतो. फोन तुह्याजवळ राहू दे, त्याले लावत राय."

गाडीचा आवाज वेशीकडे विरला. वच्छला टीव्हीसमोर एकटी उरली. तिला पाहवत नव्हतं आणि नजर काढवत नव्हती. बिबट बाजेच्या पायथ्याशी बसला. मग उठला, वास घेतला, आणि पुढचा पाय बाजेच्या कडेवर ठेवला.

चित्र तिथेच थिजलं. मधोमध एक बारीक चकरी फिरू लागली.

तिने टीव्हीवर थाप मारली, डबी हलवून पाहिली. चकरी फिरतच राहिली. ती तशीच अनवाणी गुलफामच्या दुकानाकडे धावली.

"गुलफाम! धाव रे, माहं लेकरू..."

दुकानाचं शटर अर्धं पडलेलं होतं. त्याखालून वाकून माणूस बाहेर आला. तो कुलदीप होता.

"अटकलं वाटते," तो हसत म्हणाला. "थांब आई, पुन्हा लावतो. बिबट दिसला का नाही?"

वच्छलाने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"काल रातचं हाय ते," कुलदीप सांगू लागला. "सकाळी बाजेभवती पंजे उमटलेले दिसले. म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड काढून आणलं. बाबाले नुसतं सांगून पटलं असतं का? म्हटलं, टीव्हीवरच दाखवतो."

"काकू, कम्प्युटर माह्या दुकानात अन् पिच्चर तुमच्या घरात," मागून गुलफाम मोठ्या कौतुकाने म्हणाला. "बिना वायरचं!"

"अन् तुहा फोन कावून बंद?"

"गुलफामनं खोलून ठेवला. चार्जच होत नव्हता."

वच्छलाने पोराच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला, मग दुसरा, आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडली. देवाने लेकरू दुसऱ्यांदा पदरात टाकलं, असं तिला वाटलं. रडता रडता तिला हसू फुटलं.

"बाबा काय म्हणे पाहून?" कुलदीपने विचारलं.

"म्हणते काय? तुले वाचवाले गेले कुऱ्हाड घेऊन. तिथं तू नाही दिसला, का शिव्या घालत येतीन आता."

गुलफाम खो खो हसला. कुलदीप हसला नाही.

"फाटकानं गेले न?"

"नाही रे, बांधावरून. तारेतून घुसतो म्हणे."

कुलदीप मटकन पायरीवर बसला.

"बिबट्यापायी आज जागलीले कोणीच जाणार नव्हतं, आई," तो म्हणाला. "डुकरांसाठी मी तारेत मोटरीचा करंट सोडून आलो."