थांबला की सांग

सासऱ्यांनी किल्ली फिरवली आणि सीटखालचा नवा पंप टिकटिक करू लागला.

"बोलायला लागला म्हणायचा," बेकरीवाला खूश होऊन म्हणाला. मोटारसायकल त्याची. पंचवीस वर्षं जुनी, मागे पावांचे दोन पेटारे. तिची टाकी सीटखाली आणि कार्बोरेटर वर, त्यामुळे पेट्रोल आपसूक उतरत नसे, ओढून वर न्यावं लागे. ते काम करणारा मूळचा पंप थकला होता. रोज सकाळी चढावर गाडी मान टाकायची आणि पाव गिऱ्हाइकाच्या दारात पोचेस्तोवर गार व्हायचे. तसा पंप आता शोधूनही मिळेना, म्हणून हा बॅटरीवर चालणारा बसवला होता.

सून जवळच उकिडवी बसून पाने-पकडी पुसत होती. नवऱ्याची नोकरी फिरतीची. रिकाम्या घरात एकटीने बसण्यापेक्षा बरं म्हणून ती तीन वर्षांपूर्वी गॅरेजात आली आणि इथेच रमली. हात बसला होता. एकच गोष्ट तिला सलायची. सासरे तिचं ऐकून घेत नसत. काही सांगितलं की "हं हं" म्हणायचे आणि आपलंच करायचे. सकाळीही ती म्हणाली होती, "बाबा, हा पंप फार जोराचा आहे. मध्ये प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर टाकू या." ते पाठमोरे बसून वायर सोलत होते. "हं हं," म्हणाले. रेग्युलेटर खोक्यातच राहिला. मग तिनेही तोंड मिटलं.

नळी भरली आणि कार्बोरेटर भरला की अशा पंपाची टिकटिक मंदावते, मग थांबते. ही थांबेना.

सासरे पंपाकडे वाकले, मान हलवली. "भरला," बेकरीवाल्याला म्हणाले. "दाबा बटण."

"बाबा, पंप चालूच आहे," सून म्हणाली.

सासरे हँडलजवळची वायर नीट बसवत होते.

"बाबा, चालूच आहे म्हणते मी."

बेकरीवाल्याचा अंगठा स्टार्टरच्या बटणावर गेला होता. ती उठली आणि दोघांच्या मधून हात घालून तिने किल्ली काढून घेतली.

सासरे चमकले. "काय गं हे? गिऱ्हाइकासमोर?"

तिने खाली बोट दाखवलं. कार्बोरेटरमधून पेट्रोलची बारीक धार इंजिनावर उतरत होती आणि तिथून फरशीवर. पुढच्या चाकापर्यंत ओघळ गेला होता. बेकरीवाल्याने बटणावरचा हात उचलला आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला.

"पंप थांबला नव्हता, बाबा. मी दोनदा सांगितलं."

"कधी?"

"आत्ता. तुमच्या मागेच होते मी."

सासऱ्यांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. "तुम्हाला आवाज येत होता?"

"चांगला येत होता की. मला वाटलं, असाच चालतो."

सासऱ्यांनी बोळा घेतला, खाली बसले आणि फरशी पुसू लागले. पुसून झालेली जागाही पुसत राहिले.

सून तिथेच उभी होती. गेल्या वर्षी तिने माहेरी जायला चार दिवस मागितले होते, तेव्हा ते "हं हं" म्हणाले होते. आणि ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा, "न सांगता चाललीस?" म्हणून दुखावले होते. त्याचा तिला आठवडाभर राग होता. मागितलं तेव्हा ते मोटार खोलत होते. पाठमोरे. तिने एकेक "हं हं" आठवून पाहिलं. प्रत्येक वेळी समोर त्यांची पाठच होती.

ती फेरा घालून त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली. "रेग्युलेटर टाकायचा का?"

सासरे तिच्या ओठांकडे बघत होते. इतके दिवस तिच्या ते लक्षात कसं आलं नव्हतं, कोण जाणे.

"टाक," ते म्हणाले. "तूच टाक."

तिने नळी कापली, मध्ये रेग्युलेटर बसवला, क्लिपा आवळल्या. गाडी पुन्हा पुसून कोरडी केली. सासऱ्यांनी किल्ली फिरवली, पण या खेपेला ते पंपाकडे वाकले नाहीत. सुनेकडे बघत राहिले.

"थांबला की सांग."

टिकटिक जोरात झाली, मंदावली, एकदोनदा अडखळली आणि बंद पडली.

"थांबला," ती मोठ्याने म्हणाली.

"ओरडू नकोस. समोर येऊन बोललीस तरी पुरे."

बेकरीवाल्याने गाडी चढावर नेऊन आणली. परत आला तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता. "एकदाही बंद पडली नाही," म्हणाला, आणि पेटारे आवळून निघून गेला.

दुपारी एक स्कूटर आली. मालक ती सुरूच ठेवून बाहेर फोनवर बोलत उभा राहिला. एरवी सासरे इंजिनाला कान लावून वाकायचे, मान हलवायचे आणि कधी कधी भलतंच खोलायचे. आज त्यांनी सुनेला हाक मारली आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"कसा येतोय आवाज?"

तिने कान दिला. "टकटक."

"टकटक की खरखर?"

"टकटक. एका लयीत."

"रेस दे. आता?"

"आता भराभर. पण टकटकच."

"मग व्हॉल्व्ह ढिले झालेत," सासरे म्हणाले, आणि पान्यासाठी हात पुढे केला.