जुन्यातून नवं वजा

माझी बायको हर्षाली तळवड्याच्या ऑफिसात बसून परदेशातल्या जमिनीखालचं जाड तेल बघते. हे तेल काकवीसारखं घट्ट, जागचं हलत नाही, म्हणून आत वाफ सोडून ते पातळ करतात. त्याआधी जमिनीला हादरे देऊन आतलं एक चित्र काढायचं, वर्षाने दुसरं काढायचं आणि जुन्यातून नवं वजा करायचं. जे होतं तसंच राहिलं ते पुसलं जातं, बदललं तेवढंच उरतं. हे तिला शिकवलं प्रज्वल सरांनी. आमच्याकडे भाजीत मीठ कमी पडलं तरी प्रज्वल सरांचा विषय निघतो.

मी चाकणला प्रेस शॉपमध्ये, गाड्यांचे पत्रे दाबतो. मला कोण सर म्हणतंय!

रविवारी ती पोळ्या लाटत होती, तेव्हा मी तिच्या कंपनीच्या फॅमिली डेचे दोन ग्रुप फोटो मोबाइलवर शेजारी शेजारी लावले. एक मागच्या वर्षीचा, एक यंदाचा. तेच लॉन, तीच माणसं. त्या प्रज्वलला तर मी झूम करकरून पाहिलं. दोन्हीकडे तो स्वतःच्या बायकोशेजारी उभा, कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. हर्षालीही माझ्या शेजारी, तशीच.

"काहीच बदललं नाही," मी पुटपुटलो.

पिठाचे हात तसेच घेऊन ती मागे येऊन उभी राहिली.



"बदललंय की. मागच्या वर्षी तुम्ही माझ्याकडे बघत होतात. यंदा प्रज्वल सरांकडे."