पट्ट्याचं नवं भोक

बेयाने नवऱ्याच्या लोकरी अंगरख्याच्या खिशात हात घातला आणि बोटं चिकटली. मक्रूद! रवा-खजुराचे तळून मधात बुडवलेले तुकडे, नणंदेच्या रुमालात बांधलेले. पुरचुंडी तिने तशीच पिशवीत टाकली. आज डॉक्टरांसमोरच सोक्षमोक्ष लावायचा.

नवऱ्याला, शाजलीला, हृदयविकाराचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वजन उतरवा. बेयाने कंबर कसली. पाव कुलपात गेला, ऑलिव्हचं तेल चमच्यावर आलं. आधी तो चिडला, कुरकुरला, शेजारी जाऊन खाऊन आला. मग वळणावर आला. रमजानपासून तर आपणहून ताट दूर सारू लागला. मोठ्या ईदच्या कोकराकडेही त्याने पाहिलं नाही. बेया तापल्या खिळ्याने त्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडायची आणि पट्टा हमामात, गल्लीच्या सार्वजनिक न्हाणीघरात, नेऊन बायकांना दाखवायची.

"माझा भाऊ आहे तो, उन्हात वाळवायची मिरची नव्हे!" मन्नूबिया फणकारायची.

"चरबी म्हणजे मरण, वन्सं. तुम्हाला भाऊ हवाय की त्याचं पोट?"

पोट तिलाही आठवायचं. तरुणपणी तो अंगणात आडवा होऊन चहाचा पेला पोटावर ठेवायचा; हसला की पेला डुचमळायचा. लग्नाआधी बेयाची आई त्याला बघून म्हणाली होती, "भरल्या घरचा दिसतोय गं."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. मग दंड, मांड्या चाचपल्या. बराच वेळ.

"एवढं वजन कोणी उतरवलं?"

"मी!" बेया म्हणाली. हात पिशवीत गेलाच होता.

"सुरुवातीचं तुम्ही. ते बरोबरच होतं. नंतरचं दुखण्याने खाल्लं. हृदय थकलं की शरीर आपलंच मांस खाऊ लागतं. अशा वेळी अंगावर काही असलं तरच माणूस तगतो. आता खायला घाला यांना, बाई. मागतील ते."

बाहेरच्या बाकावर बेयाने पुरचुंडी सोडली. गाठ लवकर सुटेना.

"घ्या. वन्संचेच आहेत. रोज चोरून खाता तसे खा. मी तिकडे तोंड करते."

शाजलीने रुमाल तिच्याकडे सरकवला. तेव्हा तिने पाहिलं. मधाखाली रवा दगडासारखा झाला होता. एकाही तुकड्याला दात लागलेला नव्हता.

"चोरून कुठलं खातोय? ताई देते, मी खिशात टाकतो. तिला वाईट नको वाटायला. रमजानपासून घास उतरत नाही, बेया."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने कमरेवरून घसरणारा पट्टा वर ओढला.

"तू हा साऱ्या गल्लीला दाखवत होतीस. इतकं खूश तुला मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं."