खरी माणसं

इंग्लंडमधल्या बर्नली गावात सिनेमावाले आले ते गरिबांवर सिनेमा काढायला. दिग्दर्शक जास्परला नट नको होते, खरी माणसं हवी होती. समोर कोण येणार, काय बोलणार, हे आधी कुणालाच सांगायचं नाही, हा त्याचा बाणा. चर्चच्या हॉलमध्ये त्यानं आजारी माणसांना सरकारी भत्ता देणाऱ्या कचेरीचा देखावा उभा केला आणि विधवेच्या भूमिकेत गावातल्याच एका विधवेला, ग्लेनिसला, आत सोडलं.

टेबलामागे बघते तर हॅलिवेल! खाटेला खिळलेल्या तिच्या नवऱ्याला, नॉर्मनला, 'काम करण्यास धडधाकट' ठरवून भत्ता तोडणारा आणि तो वारल्यावरही त्याला कचेरीत हजर राहायला सांगणारा साहेब हाच. आता निवृत्त झाला होता. जास्परनं हौसेनं शोधून आणला होता.

"नवरा स्वतः का नाही आला?" हॅलिवेलनं सवयीनं विचारलं.

"वारला हो. चार वर्षांपूर्वीही हेच सांगत होते तुम्हाला."

"सगळे असंच म्हणतात, बाई. कागद आहे?"

ग्लेनिसनं पर्समधून मृत्यूचा दाखला काढला. तेव्हापासून तो तिथंच होता. तेव्हा हॅलिवेलनं तो न उघडताच परत सरकवला होता. आज त्यानं चष्मा लावला. नाव वाचलं, तारीख वाचली, आणि खुर्चीतून उठून उभाच राहिला.

"बाई, माझं चुकलं..."

"कट!" जास्पर वैतागून ओरडला. "अहो हॅलिवेल, कुठला साहेब असं बोलतो? जरा खरं वाटू द्या की! ग्लेनिस, तू बाहेर जाऊन पुन्हा आत ये. आणि साहेब, ह्या वेळी कागद वाचायचा नाही."