पूरी चेष्टा

बिल्डर सबनीसला भेटायला पुन्हा तीन वकील आले, तसा तांडेल खलाशाचा जळफळाट झाला. दोघेही विलायतेतल्या एकाच तुरुंगात. दोघांनाही खटल्यासाठी भारतात परत पाठवायचं घाटत होतं. तांडेलच्या वाट्याला मात्र सरकारने फुकट दिलेली एक वकीलबाई आणि फोनवरचा हिंदी दुभाषा.

“मॅडम आपके लिए पूरी चेष्टा करेंगी,” दुभाषा म्हणाला.

“त्याला तीन-तीन वकील, अन् वर माझी चेष्टा?” तांडेल भडकला. बाईंना हाकलून, कोर्टात ‘पाठवा मला परत’ म्हणून मोकळा झाला. न्यायाधीशांनी लगेच मंजुरी दिली.

तांडेलच्या तोंडून हे सगळं कळताच सबनीसने कपाळावर हात मारला. “अरे येड्या, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न!”

तांडेलला पहिल्यांदाच सबनीसच्या वकिलांचा नव्हे, हिंदीचा हेवा वाटला.