ओळखीच्या बाई

भाची दर गुरुवारी यायची. सफरचंद चिरून द्यायची, मावशीचे पाय चेपायची आणि निघताना नळीभर रक्त काढून न्यायची. म्हणायची, "साखर तपासते गं तुझी. एकटी असतेस, जिवाला घोर लागतो." मावशी शेजारणींना सांगत सुटायची, "पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं!"

म्हणूनच भाचीचं व्याख्यान आहे हे कळल्यावर मावशी न सांगताच गेली आणि कौतुकानं मागच्या रांगेत बसली. पडद्यावर चांदीचे कण होते, एरवी डोळ्यांना न दिसणारे. "नुसता कण आला की रक्तातल्या राखणदार पेशी चवताळून उठतात," भाची सांगत होती. "पण त्याच रक्तातल्या प्रथिनाचा थर त्यावर चढवला, की त्याला घरचा समजून पोटात घेतात. मग आत चांदी विरघळते आणि पेशी मरते."

कुणीतरी विचारलं, "प्रयोगाला रक्त कुणाचं?"

"आहेत एक ओळखीच्या बाई."

पुढच्या गुरुवारी भाचीनं पिशवीतून सुई काढली. "बाही वर कर ना, मावशे."

"आधी एक सांग. एकदा घात झाला, की रक्त तो लक्षात ठेवतं का गं?"

"ठेवतं तर! दुसऱ्या खेपेला लगेच ओळखतं. का गं?"

मावशीनं बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"काही नाही. बसा, बाई. चहा घेऊनच जा."